सगळे डावे हात

७ जानेवारी २००७, रविवार

पहिल्याच दिवशी फजिती! शिरूरच्या प्रशिक्षणात हर्षदा मॅडमनी कोरा कागद दिला. म्हणाल्या, "शेवटापासून सुरू करा. तुमचा धडा शिकून वीस वर्षं झाली. त्या मुलाजवळ काय उरलंय?"

मी लिहिलं — 'रिकाम्या जागा भरा, गुण ५.'

शेजारी आमच्याच भांडगावच्या शाळेचे महेंद्र सर. त्यांनी लिहिलं होतं, 'जोड्या लावा.' एकमेकांचे कागद पाहिले आणि शाळकरी पोरांसारखे हसत सुटलो. मॅडमही हसल्या. पुण्याच्या आहेत, माझ्याहून बऱ्याच लहान. पण ते हसणं टोचलं नाही.

सणसवाडीच्या पुढे आंतरराष्ट्रीय शाळा उभी राहतेय. कारखान्यांतल्या परदेशी, बहुतेक कोरियन, इंजिनिअरांची मुलं, इथल्या साहेबांची मुलं. ठरलेलं पाठ्यपुस्तक नाही, माध्यमिकचा अभ्यासक्रम शिक्षकांनीच रचायचा. ज्यांना जमेल त्यांना जूनपासून तिथे घेणार. रविवारचं हे शिकणं त्यासाठीच.

परतीच्या एस्टीत दौंडपर्यंत नुसता ऊस. डोळे मिटले की ती शाळा दिसत होती. भिंती नाहीतच, सगळ्या खिडक्या. आणि मी खडू हातात घेऊन कुठल्या तरी भाषेत बोलतेय — मला न येणाऱ्या, पण मुलांना कळणाऱ्या.

८ जानेवारी

सकाळी चहा घेताना ह्यांनी विचारलं, "मग, कोरियाला बदली कधी?"

"सणसवाडी म्हणजे कोरिया नव्हे."

"राहणारे तर तिकडचेच की!" — आणि डबा उचलून रेल्वेच्या ड्युटीवर गेले. थट्टाच. पण दिवसभर मनात राहिलं. मला तिथे का जायचंय? पगार? मान? की नुसत्या त्या खिडक्या?

१४ जानेवारी, रविवार

आज खोडायचा दिवस. मॅडम म्हणाल्या, "आपल्या विषयातलं जे शिकवलं नाही तरी चालेल, ते खोडा." अख्ख्या खोलीत एकाचंही पेन हलेना! इतकी वर्षं 'पोर्शन पूर्ण' हेच आमचं पुण्य. खोडलेल्यावर प्रश्न आला तर? महेंद्र सर कुजबुजले, "बाई, तुम्ही आधी खोडा, मी मागून येतो."

मी भूगोलातले पिकांचे तक्ते खोडले. मग हलकं वाटलं — ओझं उतरवून वाटेत बसल्यासारखं.

२१ जानेवारी, रविवार

युनिटला एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, जो कुठल्याही देशातल्या मुलाला विचारता येईल. मी लिहिला — 'माणूस आपलं ठिकाण का सोडतो?' मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे, सणसवाडीत खोल्या घेऊन राहणारे, समुद्रापलीकडून आलेले इंजिनिअर — सगळे त्यात बसतात.

मॅडमनी वाचलं आणि मान वर केली. "अंजनाताई, हा कुठून आला?"

खरंच, कुठून आला? न्हावऱ्याजवळ एस्टी थांबली होती, धुक्यात एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती. बहुतेक तिथून.

२ फेब्रुवारी

मॅडम प्रत्येकाच्या वर्गात बसून एक तास पाहणार. त्यावरच निवड. माझा नंबर मंगळवारी, नववी ब.

मुख्याध्यापक म्हणाले, "तालीम घेऊन ठेवा बाई." आमच्याकडे तपासणीची रीतच आहे. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, येत नाही त्याने डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसतो, आणि आम्ही उजवा हात बघून विचारतो.

मी तालीम घेणार नाही. प्रश्नसुद्धा आधी सांगणार नाही. नाही तर कोऱ्या कागदाशी बेइमानी.

६ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. कसं झालं, मला अजून कळत नाही.

फळ्यावर प्रश्न लिहिला. वळून पाहिलं — सगळ्या वर्गाचे हात वर. सगळे डावे! एकही उजवा नाही. मागच्या बाकावर मॅडम खूश, भराभरा लिहितायत. त्यांना काय माहीत! मला सांगत होती पोरं — बाई, आम्हाला विचारू नका.

रीत मोडून विचारावं कोणाला? खडू ठेवला. म्हटलं, "कोणालाच येत नाही? बरं झालं. मलाही येत नाही." आणि पहिल्या बाकावर मुलींच्या शेजारी जाऊन बसले.

हायवेवरून एक ट्रक गेला. खिडकीतली धूळ उन्हात तरंगत होती, आणि एक क्षण मी कुठे आहे तेच विसरले.

मग मल्हार पुटपुटला, "गवत संपल्यावर."

"गप की रं!" — रंभाने मागून ढोसलं.

"गप काय? खरं हाय ते."

"आता तर कालव्याचं पाणी हाय, गवत हाय. तरी तुझा चुलता मेंढरं घिऊन जातोच की!"

"त्याला सवय हाय."

"सवय म्हंजी कारण व्हय?"

आणि वर्ग सुटला! हात कोणी वर करेना, सरळ बोलायलाच लागले. रंभा उभी राहिली. "आमच्या खोलीवर बिहारचा भाडेकरू हाय. त्याला गावाकडं रान हाय, म्हशी हायेत. तरी आला. म्हंतो, 'मन नहीं लगता था.'" मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, समदं चांगलं असून पण माणसाला जावं वाटतं?"

प्रश्न माझाच होता. मी लिहिलेला! आणि त्यात मी आहे हे तोवर दिसलं नव्हतं.

"वाटतं," म्हटलं.

घंटा झाली. कोणी उठलं नाही.

दुपारी नळावर रंभा एकटी भेटली. डोळे लाल. "आम्ही बोलायचंच न्हाई असं ठरवलं व्हतं बाई. तुमचा तास फसला तर तुम्ही जाणार न्हाई. मग असलं काय विचारता!"

७ फेब्रुवारी

काही लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी

निवड झाली. हर्षदा मॅडमचा फोन — "पूर्ण वर्गाचे हात वर! मी असं कुठे पाहिलं नाही."

गप्प राहता आलं असतं. सांगून टाकलं, डाव्या हातांचं सगळं. वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं — मला ठरवावं लागणार नाही.

मग त्या म्हणाल्या, "मुलं बोलायचं नाही ठरवून आली होती, तरी बोलली?"

"हो."

"मग निवड तशीच राहू दे, ताई. आता तुम्ही ठरवा."

२६ फेब्रुवारी

होकार कळवला. वर्गात सांगितलं. रंभा म्हणाली, "आम्हाला म्हाईत हाय बाई. बोलाय लागलो तवाच कळलं व्हतं, तुम्ही जाणार. पण थांबता आलं न्हाई."