सहाला लावलेलं गेट

बाई, आपल्या वसतिगृहाच्या धान्याच्या कोठीत, ती सांभाळणाऱ्या काकांनी अकरावीतल्या एका मुलीवर हात टाकला, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी मला सोमवारपर्यंत गप्प राहायला सांगितलं आहे. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यानंतर रेक्टरच्या खुर्चीत मी बसले, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी अडलं की मनात तुम्हालाच विचारते. मी गप्प राहिलेली नाही. पोलीस ठाण्यात फोन केला आहे. मुलगी अल्पवयीन आहे, कळवणं मला कायद्यानंच बंधनकारक आहे. अध्यक्षांना हे अजून ठाऊक नाही. मुलीची आई पाचोडहून निघाली आहे, ती आली की आम्ही तिघी ठाण्यात जाणार. तोवर मी ऑफिसात बसून आहे आणि बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला की उठून खिडकीशी जाते.

धसका पोलिसांचा नाही, आईचा आहे. मुलगी सगळं सांगून झाल्यावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "मॅडम, आईला सांगू नका. ती मला घेऊन जाईल. माझं शिक्षण बंद होईल." वडील नाहीत. दोन एकर कोरडवाहू आणि ही एक हुशार मुलगी. गावात आधीच म्हणतात, पोरीला एवढं लांब कशाला ठेवलं. ती गेली तर परत येणार नाही, हे तिला कळतं आणि मलाही कळतं.

काका तुम्हाला आठवत असतील. तुम्हीच त्यांना कोठीवर ठेवलं होतं, तेव्हा ते तरणेताठे होते. तुम्ही त्यांना देवमाणूस म्हणायचात. आजही सगळे तेच म्हणतात. आज सकाळी तातडीची बैठक झाली तेव्हा मी हे जवळजवळ रांगेनं ऐकलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, एकादशी करणारा माणूस आहे. साधी सुपारी खात नाही. नातवंडं आहेत त्यांना." जणू हे सगळं दारुडे, रिकामटेकडे आणि परकेच करतात. मग समितीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हल्लीच्या पोरींचं काय सांगता! हातात मोबाईल, अंगात ते टी-शर्ट. पुरुषाची नजर जाणारच." मी ताडकन म्हणाले, "तिनं कॉलेजचा ड्रेस घातला होता, ओढणीसकट." आणि बोलल्याबरोबर माझाच मला राग आला. टी-शर्ट असता तर काय? मी उत्तर दिलं म्हणजे प्रश्न बरोबर होता असं झालं. खजिनदार घसा खाकरून म्हणाले, "त्यांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय हो. शेवटी माणूसच. तोल जातो."

"वहिनी महिनाभर माहेरी होत्या," मी म्हटलं. "तुमचा कुठं गेला होता तोल?"

ते लाल झाले. "बाईमाणसानं असं बोलावं का?" म्हणाले. अध्यक्षांनी चहा मागवला.

बाई, ज्याचा तोल जातो तो आधी स्वयंपाकघर रिकामं करत नाही. बैठकीनंतर मी स्वयंपाकाच्या मावशींना बोलावलं. त्या खाली बसल्या, पदराला हात पुसत राहिल्या. म्हणाल्या, "मला तर रोजच काही ना काही आणायला पाठवायचे, मॅडम. कधी मीठ, कधी हळद. मी म्हणायचे, काका किती ध्यान ठेवायलेत सामानाचं! मीठ तर घरात पडून असायचं." मग एकदम तोंडावर हात ठेवला. काकांनी मावशींना लांब पाठवलं, आतून कडी लावली, आणि मुलगी निवडली तीही जिच्यामागे भांडायला बाप नाही, भाऊ नाही, जी वर्गातही हळू बोलते. याला वासना अनावर झाली म्हणायचं? हा हिशेबी माणूस आहे. तो डाळ मोजतो तसाच त्यानं अंदाज घेतला की ही बोलणार नाही, आणि बोलली तरी कोण ऐकणार.

आता तुम्हाला एक विचारते. मी बीएच्या पहिल्या वर्षाला, इथंच वसतिगृहात होते. दिवाळीच्या सुटीनंतर पिशोरहून एसटीनं आले. मागच्या बाकावर एक धोतरवाला, आमच्या आजोबांच्या वयाचा, पूर्ण रस्ताभर अंगाला लागून बसला होता, आणि नुसता बसला नव्हता. मी तशीच तुमच्या स्वयंपाकघरात आले. तुम्ही ज्वारीची भाकरी थापताय. माझ्याकडे न बघता ऐकताय. तवा धुरकटतोय, तुमचं लक्ष नाही, आणि मला वाटतं आता तुम्ही उठून मला जवळ घ्याल. तुम्ही भाकरी उलटवता आणि म्हणता, "मागच्या बाकावर बसलीस कशाला? ड्रायव्हरच्या मागं बसायचं. पिशवी मांडीवर घ्यायची. एवढी अक्कल नको?" संध्याकाळी तुम्ही स्वतः गुलमंडीत जाऊन माझ्यासाठी एक जाड सुती ओढणी आणलीत. तुमच्या पगारात ती चैन होती. मी ती कॉलेज संपेपर्यंत वापरली, उन्हाळ्यातसुद्धा. मला तेव्हा तुमचं प्रेम दिसलं, अजूनही दिसतं. पण त्या म्हाताऱ्याबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. तो कसा होता, कुठं उतरला, कंडक्टरला सांगितलंस का, काही नाही. तो जणू पावसासारखा होता. छत्री माझी मीच आणायला हवी होती.

मी तुमच्याकडून हेच शिकले आणि चोख राबवलं. बाहेर काही घडलं की गेट लावायची वेळ अलीकडे आणायची, ही तुमची पद्धत. पानटपरीवरच्या पोरांनी शेरे मारले, गेट आठाचं साडेसातला आलं. गेल्या पावसाळ्यात मोटारसायकलवाली पोरं भिंतीबाहेर घिरट्या घालायला लागली, तेव्हा मी ते सहावर आणलं. प्रस्ताव माझाच होता, एकमतानं मंजूर झाला, पालकांनी आभार मानले. तोवर मुली साडेसातपर्यंत औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसायच्या. आता त्या सहाला आत. आणि रात्रीच्या स्वयंपाकाचं धान्य कोठीतून काढायची वेळ सव्वासहाची. पाळीनं एक मुलगी जाते. एकच, कारण दोघी गेल्या की गप्पा मारतात, हाही तुमचाच नियम. म्हणजे बाहेरच्या पोरांपासून वाचवायला आम्ही मुलींना आत घेतलं, कुलूप लावलं, आणि एकेक करून त्या माणसाकडे पाठवलं. पोरं तर आठवड्याभरात दुसऱ्या गल्लीत गेली होती.

हे अध्यक्षांना सांगितलं तेव्हा ते पटकन म्हणाले, "मग कोठीवर बाई ठेवू. आणि त्या मुलीला गुपचूप दुसरीकडं प्रवेश मिळवून देऊ. तिच्याच भल्यासाठी. नाव खराब झालं की लग्नाला अडचण." ते वाईट माणूस नाहीत, बाई. त्यांच्या आवाजात काळजीच होती. मला त्या काळजीचीच भीती वाटायला लागली आहे. काकांना घरी पाठवलं तर तेवढ्यावरही कुरकुर झाली, आणि मुलीला काढणं मात्र सगळ्यांना उपकार वाटत होता.

आणि माझं काय? काल ती समोर उभी राहून सांगत होती तेव्हा माझ्या तोंडात पहिलं वाक्य आलं होतं, "ओरडली का नाहीस?" अगदी तुमच्या आवाजात. दात आवळले आणि विचारलं, "पाणी देऊ?" ती पाणी प्यायली. 

रिक्षा थांबली. थांबते इथं.

आता संध्याकाळ झाली आहे. ठाण्यातून परत आले. जे झालं ते लिहिते.

आई आली. काष्ट्याचं लुगडं नाही, साधी नायलॉनची साडी, पायात पुरुषी चपला, हातात भाकरीचं गाठोडं. मुलगी भिंतीला टेकून उभी. मी थोडक्यात, न चाचरता सांगितलं. आई ऐकून मुलीकडे वळली आणि ओरडली, "पण तू आत गेलीस कामून? एकटी कामून गेलीस गं?"

मुलीची मान आणखी खाली गेली. मी म्हणाले, "मी पाठवलं होतं. तिची पाळी होती. एकटीनंच जायचं हा माझा नियम. मला विचारा."

आई माझ्याकडे वळली. मला वाटलं मारते आता. "तुमच्या भरवशावर ठिवली होती मी," एवढंच म्हणाली. मी मान डोलावली.  मग ती मुलीजवळ गेली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "येडी. फोन तरी करायचा नाय व्हय मला?" तेव्हा मुलगी कालपासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

ठाण्यात महिला अधिकारी नीट बोलल्या. मध्येच एक हवालदार म्हणाला, "एवढा उशीर का केला सांगायला?" अधिकारी म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा." अध्यक्षांचे फोन येत राहिले. शेवटी घेतला आणि सांगितलं.  नोकरी राहील असं वाटत नाही.

आई म्हणते, काही दिवस घरी नेते, मग बघू. "मग बघू" म्हणजे काय ते तिलाही माहीत नाही. मी गळ घातली नाही, तो हक्क मला नाही. फक्त खोली तिची राहील एवढं सांगितलं.

जे दिलं ते असं. ठाण्यात, कोठीची किल्ली आणि माझा सही केलेला जबाब. आईच्या ताब्यात, मुलगी, तिची ट्रंक, अंथरूण, डबा आणि पाठ्यपुस्तकं. प्रॅक्टिकलच्या दोन जर्नल्स दिल्या नाहीत. घरी त्यांचा उपयोग नाही, परीक्षेला मात्र इथं येऊन दाखवाव्या लागतात. कॉलेजात जमा आहेत असं मी आईला सांगितलं. त्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत.