फॉइलात गुंडाळलेला फोन

मु. पो. कनेरगाव नाका

लाडके मेहुणे हरिचंदराव (मेहुण्याला लाडकं म्हणायची आपल्यात रीत न्हाई, पण काम पडलं हाय) यांना दाजी ग्यानबाचा रामराम. आमी खुशाल. म्हैस व्याली. तुमच्या ताईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत हाय. तुमची तब्येत कशी? पोलिसांच्या सायबर लॅबमधी कॉम्प्युटरपुढं बसून डोळ्यांचं वाटोळं झालं आसंल.

पत्र काहून लिहून राहिलो म्हणाल, तर माझा फोन जप्त हाय. मीच केला. आपल्या शिवकन्याला हट्टा गावचं स्थळ आलं, पोरगं बघून गेलं, दोन्हीकडच्या मंडळींचा ग्रुप निघाला. आन् मंगळवारी त्या ग्रुपवर माझ्या फोनातून, माझ्याच आवाजात निरोप गेला, की पोराला ओली हळद कोणती अन् आलं कोणतं कळंना, हे ध्यान संसार काय करणार! मी तो लगेच पुसला. पण तवापासून हट्टेकरांचा एक फोन न्हाई. सोयरीक मोडती का काय! पोरीला पोरगं पसंत हाय हो!

तुमी दर सोमवारी सायबर तपासाच्या बातम्या घरच्या ग्रुपवर टाकता (तुमची ताई न वाचताच अंगठा दाखवती, मी मात्र वाचतो), त्यातलं सगळं बराबर केलं. जप्त फोनला सिग्नल लागू देऊ नका म्हणता, म्हणून उत्तमसिंगच्या ढाब्यावरून रोट्या बांधायचं फॉइल आणून सात वेढे दिले. उत्तमसिंग आन् शेजारचा थावरा, दोघं पंच. सह्या एकेक केल्या, चहा दोन-दोन प्याले. मूळ फोनवर तपास करायचा न्हाई, हुबेहूब प्रत काढून तिच्यावर करायचा, हेबी तुमचंच. म्हणून एसटीनं हिंगोलीला जाऊन, फॉइल तेवढ्यापुरतं सोडून, झेरॉक्स मशीनवर फोन उताणा-पालथा ठिवून दोन्ही बाजू काढल्या. झेरॉक्सवाल्यानं इचारलं, हे काय? मी म्हणलं, तपास चालू हाय, बोलता येत न्हाई. एक प्रत सोबत जोडली हाय. मला तर तिच्यात काहीच घावलं न्हाई.

माझा संशय परदेशी टोळीवर हाय. यंत्र आता माणसाचा आवाज काढतं, हे तुमीच कळवलंत.

तुमचा,
ग्यानबा

ता. क. आता तुमच्यापासून काय लपवू? आवाज माझाच. तुमची ताई शेतात व्हती, तिला पाठवायला गेलो आन् बोट घसरलं. तुमी फक्त लॅबच्या कागदावर 'आवाज यंत्राचा हाय' एवढं लिहून शिक्का मारून धाडा. ताईला कळू देऊ नका.

मामा, मी शिवकन्या. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं, म्हणून उघडून वाचलं. बाबांनी 'माझ्यासाठी हटवा' दाबलं व्हतं, म्हणून निरोप फक्त त्यांच्याच फोनातून पुसला गेला. बाकी सगळ्यांकडं हाय. हट्टेकर चार दिवस झाले बाबांना फोन लावून राहिले. फॉइलात लागंल कसा? आज आईच्या फोनवर होकार आला. निरोप पाच मिनिटांचा हाय मामा. हळद-आल्याचं सुरुवातीलाच संपतं, पुढं बाबा नुसते रडलेत. पोरगी गेली की घर खायला उठंल, सकाळी उठून हाक कोणाला मारू, म्हणतात. हट्ट्याच्या आत्याबाईंनी दोनदा ऐकला. संध्याकाळी बाबांना सगळं सांगते. पण कळलं की ते लाजंनं सगळ्यांना पुसायला लावतील. तो निरोप माझ्याकडून कधीच जाऊ नये असा ठिवायचा कसा, तेवढं कळवा. हट्ट्याला गेल्यावर मला लागंल.