आकाशवाल्याची तपासणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघा परवानगी देईल तेवढाच). तुझी कंबरदुखी आणि भावजींचा राग, दोन्ही आता उतारावर असतील असं धरून चालतो. आधी आनंदाची बातमी सांगतो: तू सोपवलेली कामगिरी फत्ते झाली.

तू बजावलं होतंस, की लेकीनं पसंत केलेल्या त्या आकाशवाल्या मुलाला गाठ, त्याच्या डोक्याचा स्क्रू ढिला आहे हे तिच्यादेखत सिद्ध कर आणि प्रकरण मिटव. म्हणून मी चष्म्याचं दुकान दिवसभर बंद ठेवून वेधशाळेत जाऊन थडकलो. टेकडीवरच्या थंडीत दुर्बिणीला डोळा लावावा लागणार, म्हणून स्वेटर, मफलर, कानटोपी असा सगळा जामानिमा केला होता. बघतो तर दुर्बीण कुठल्या कुठे, आणि हा पठ्ठ्या बंद खोलीत संगणकावरचे आकडे वाचत बसलेला. मी घामानं निथळलो, पण कानटोपी काढली नाही. शेजारी भाची नखं खात उभी होती.

मी सरळ मुद्द्याला हात घातला. काय बघतोस? म्हणाला, कृष्णविवर. दिसतं? म्हणाला, नाही, त्यातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही. (इतकी वर्षं चष्मे विकतोय, पण न दिसण्याचा पगार घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. मी त्याला नंबर तपासून देऊ केला.) मग ते आहे हे कशावरून? तर म्हणाला, आजूबाजूचे तारे त्याच्याभोवती गरगरत असतात, त्यांची तारांबळ बघायची. ताई, खरं सांगतो, इथं मला पटलं. भावजी आतल्या खोलीत पेपर वाचत असतात, दिसत नाहीत, पण तुम्ही सगळे चवड्यांवर चालता त्यावरून ते घरी आहेत हे पाहुण्याला कळतंच की. मी तसं बोलूनही दाखवलं. भाची खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली ती, आणि मला फार बरं वाटलं. पुढे तो म्हणाला, की विवरात पडणारा माणूस लांबून बघणाऱ्याला काठावरच रेंगाळलेला दिसतो, प्रत्यक्षात तो केव्हाच आत गेलेला असतो. हे सांगताना ती दोघं एकमेकांकडे का बघत होती, ते मला तेव्हा उमगलं नाही.

शेवटी मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि तुझ्या पारखीला मानलं. स्क्रू ढिलाच होता. चष्म्याच्या उजव्या काडीचा. बिचारा काडी दोऱ्यानं बांधून विश्वाचा थांग लावत होता. मी खिशातला पेचकस काढला आणि तिथल्या तिथे स्क्रू आवळून दिला. ते बघून त्याच्या साहेबीणबाईंनीही आपला चष्मा पुढे केला. थोडक्यात, आता मुलात नाव ठेवायला जागा उरलेली नाही आणि प्रकरण कायमचं मिटलं आहे.

तुझा विजयी भाऊ

ता. क. : मिटलं म्हणजे, काल सकाळी नोंदणी कचेरीत लग्न लागलं. साक्षीदार म्हणून सही माझी आहे (अक्षर सुरेख आलंय).

आणखी एक ता. क. : दोघं रविवारी तुझ्याकडे येताहेत. आई दार उघडेल ना, असं लेकीनं मला विचारलं, तेव्हा मी छाती ठोकून हो म्हणालो. तेव्हापासून घास गिळवत नाही. भावजींना माझं नाव खुशाल सांग, सगळा राग माझ्यावर काढू दे. पण ताई, दार तू उघड.