उत्कर्षचा अंगठा सुटला

प्रिय शुभे,

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझा फोन लागला की उत्कर्ष माझ्या शेजारीच येऊन बसतो. म्हणून कागद.

तुम्ही दोघं पुण्याच्या कंपनीत गेलात, तेव्हा तू दोन गोष्टी बजावल्या होत्यास. पोराला उन्हात सोडू नको, आणि त्याचा तोंडातला अंगठा सोडव. पहिली गोष्ट भाजीच्या मळ्यात शक्य नव्हती, म्हणून दुसरीच्या मागे लागलो. चार वर्षांच्या पोराचा अंगठा ही सार्वजनिक मालमत्ता असते, हे मला तेव्हा कळलं. वाशीमच्या बाजारात येणारी प्रत्येक बाई त्याला बघून उपाय सांगायची आणि भाजी दुसरीकडे घ्यायची. शेवटी मायनं घरचंच कारलं काढलं. "कडू लागलं का आपोआप सोडते," म्हणत रोज सकाळी रस चोपडायची. अंगठा काही सुटला नाही, तुझं पोरगं कारलं मात्र खायला शिकलं. तेही कच्चं. बाजारात माझ्या शेजारी बसून कराकरा चावतो. गिऱ्हाईक विचारतं, "काहो हिरालालभाऊ, तुमची कारली गोड हायेत काय?" मी कशाला नाही म्हणू?

मग मी उपाय सोडले आणि नुसता बघत राहिलो. पोराचा अंगठा तोंडात जातो तरी कधी? भूक लागली की नाही, झोप आली की नाही. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की जायचा. माझ्यासोबत मेथीच्या जुड्या बांधता बांधता हातातली सुतळी टाकायचा आणि वळणाकडे बघत चोखायचा. गाडी निघून गेली की अंगठा बाहेर. वाटलं, आवाजाला भीत असेल. मुद्दाम त्याच्यासमोर माझी गाडी चालू केली, तर ढिम्म. जी गाडी अजून दिसत नाही, तिच्यासाठीच अंगठा होता. तेव्हा आठवलं, खोली मिळाली की न्यायला येतो म्हणून तुम्ही मुकेशरावांच्या मोटारसायकलवरूनच निघाला होतात.

परवा तू विचारलंस, सुटला का अंगठा? मी हो म्हणालो. तू इतकी खूश झालीस की पुढचं मी गिळलं. सुटला हे खरंच आहे. आता गाडी वाजते आणि तो मान वर करत नाही, जुडी आवळून बांधतो. तुझी वहिनी म्हणाली, "पाय बरं, कोन आलं." तर म्हणतो, "कोनी नाही येत."

शुभे, खोली लहान असली तर असू दे, चिमणीएवढं तर पोर आहे. या रविवारी दोघं या. त्याच गाडीवर या, आणि मळ्याच्या वळणावर हॉर्न वाजवा. त्याचा अंगठा पुन्हा तोंडात गेला, तर मी बाजारभर पेढे वाटीन.

वळणाकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच हिरादादा