लागलं की हात वर

बाई, तुमचं नाव लागलं. भिंतीवर नाही लागलं, पण लागलं. कुठं ते सांगते. आधी जागा सांगायला हवी, कारण तुम्ही गेलात तेव्हा ती इमारतच नव्हती. निगडीत पोहण्याचा तलाव झालाय आणि त्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या भागातल्या मंडळानं क्रीडा गौरव दालन उघडलंय. या पट्ट्यातून जे कुणी खेळले, कुस्ती म्हणा, कबड्डी म्हणा, आपला खो-खो म्हणा, त्यांचे फोटो आणि खाली पितळी पाट्या. कल्पना चांगली होती. दुसरा मजला ही कल्पना कोणाची, हे मी बैठकीत विचारलंही होतं. लिफ्टसाठी चौकोन बांधून ठेवलाय आणि त्याच्या तोंडाला प्लायवूड ठोकलंय. म्हणजे खेळून खेळून ज्यांचे गुडघे गेले त्यांचे फोटो वर आणि ते स्वतः खाली. उद्घाटनाला त्या सगळ्यांना मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं, शाल-नारळ दिला आणि वरचं दालन पडद्यावर दाखवलं. एक म्हातारे पैलवान शेजारच्याला म्हणाले, ‘आपल्याला वर जायला अजून वेळ आहे म्हणायचं.’ सगळे हसले. मीही हसले.

मी या मंडळाच्या निवड समितीवर आहे. त्यांना एक बाई हवी होती, मी राज्य पातळीवर खेळलेली, शिवाय सगळी नोकरी कंपनीच्या पर्सोनेल खात्यात काढलेली, म्हणून घेतलं. मी गेले ते एकाच कामासाठी. तुमचं नाव त्या भिंतीवर लागावं आणि ते तुमच्या स्वतःच्या नावानं लागावं. माझं दुसरं काही मागणं नव्हतं. माझी पाटी तर त्यांनी न मागताच लावली. मी भिंतीवर आहे, बाई. तुम्ही नाही.

निगडीच्या प्राधिकरणात तेव्हा प्लॉट आखलेले होते आणि घरं थोडी. शाळेमागचं ते मुरमाचं मैदान, साडीचा पदर खोचून कॅनव्हासच्या बुटात उभ्या तुम्ही. आम्हा सगळ्यांचे वडील कुठल्या ना कुठल्या कंपनीत. माझे नगरकडून आलेले, लेथवर टर्नर. त्यांची रात्रपाळी असली की दिवसा घरात भांडं वाजलेलं चालायचं नाही, म्हणून आई मला बाहेर हाकलायची. पुढं लोकांनी विचारलं की खेळाकडं कशा वळलात, तर मी आवड वगैरे सांगायचे. खरं कारण वडिलांची झोप. सराव संपला की आम्ही तुमच्या त्या एका खोलीत येतोय, एका टोकाला ओटा, ओट्याखाली बादली, परातीत भिजवलेले हरभरे आणि गूळ. तुम्ही आमच्याकडं पाठ करून स्टोव्हला पिन मारताय आणि तशाच पाठमोऱ्या बोलताय. घरमालकीण दारात येऊन उभी राहते. तिला आमच्यादेखतच विचारायचं असतं. ‘काय हो बाई, एवढ्या चांगल्या तुम्ही, तुमच्या संसारात खो घातला तरी कुणी?’ आम्ही चावायचे थांबतो. तुम्ही मागं न वळता म्हणता, ‘घातला नाही कुणी. मला मिळाला. खो मिळाल्याशिवाय जागचं उठता येतं का?’ घरमालकिणीला ते कळलं नाही. आम्हालाही फार उशिरा कळलं. तुमच्या नवऱ्यानं तुम्हाला घराबाहेर काढलं होतं, त्याचं नाव तुम्ही त्याच घरात ठेवून आलात, आणि शाळेत पुन्हा वडिलांचं नाव लावलंत, पुढं-मागं काही न जोडता. फळ्यावर लिहायचात तेही तेवढंच.

त्याच खोलीत तुम्ही मला गुडघ्याच्या पट्ट्या शिवून दिल्यात. कंपनीत मशीन पुसायला सुताचा गुंता मिळतो, कॉटन वेस्ट म्हणतात, ते वडिलांनी आणलेलं. तुम्ही ते सोड्यात उकळलंत, वाळवलंत आणि जुन्या मोज्यांच्या नळ्यांत दाबून भरलंत. मुरमावर सूर मारला की गुडघ्याची साल जायची, ती थांबली. आज मी दोन मजले चढते ते त्या पट्ट्यांमुळं, असं माझं मत आहे. डॉक्टर हसतात.

आणि तुमचा तो नियम. लागलं की हात वर. पाठलाग करणारीचा हात लागला, की पंचांनी पाहिलेलं असो वा नसो, आपण स्वतः हात वर करायचा आणि बाहेर जायचं. चाकणच्या मैदानावरचा सामना आठवा. शेवट जवळ आलाय, मी पळतेय, मागं त्यांच्या संघातली एक उंच, हाडकुळी मुलगी आहे. खांबापाशी वळताना तिचा तळवा माझ्या पाठीला लागतो. पंच दुसरीकडं बघतायत. शिट्टी वाजत नाही. मी पळत राहते आणि आपण जिंकतो. मुली नाचायला लागल्या तेव्हा तुम्ही मला बाजूला घेतलंत. ‘पाठ काय म्हणते?’ एवढंच विचारलंत. मी खाली बघत म्हणाले, त्यांच्या सरांना चिठ्ठी लिहून देते. तुम्ही म्हणालात, ‘चिठ्ठी नको. कागदाला लाज नसते. तोंडानं सांग, आणि सरांना नाही, तिला.’

ती नळाखाली पाय धूत होती. मी सांगितलं, तुझा हात लागला होता. ती म्हणाली, ‘मला म्हाईत हाय की. हात माझा हाय, मला कळत न्हाई व्हय?’ मग माझ्याकडं नीट बघून विचारलं, ‘तुमच्या बाई मारत्यात का गं?’ मी नाही म्हणाले. ‘मंग तू आलीस कशी?’ हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पुढच्या रविवारी सरळ तिच्या गावी, महाळुंग्याला गेलात, मला बरोबर घेऊन. तिचे वडील गोठ्यात होते. पोरीनं पळून काय करायचंय, म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘पळून जाणार नाही, ते माझ्यावर सोडा. नुसती पळेल.’ म्हातारा एवढा हसला की म्हैस बिचकली. दर रविवारी ती आपल्याकडं येऊ लागली. तुम्ही तिलाही पट्ट्या शिवल्या होत्या. तिनं घातल्या नाहीत, पळताना जड लागतात म्हणून. ती माझ्यापेक्षा किती चांगली खेळायची हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. राज्याच्या निवडीआधीच तिचं लग्न करून तिला कुरुळीला दिली. तिच्या जागी मी गेले. आता तिच्या घराभोवती कंपन्या आहेत, खोल्यांतून कंपनीची पोरं भाड्यानं राहतात, आणि ती गॅसजवळ स्टूल घेऊन त्यांचे डबे करते. उभं राहवत नाही तिला.

समितीत तुमचं नाव काढलं तेव्हा काय झालं ते सांगते. अध्यक्ष स्वतः जुने कबड्डीवाले, माणूस वाईट नाही. म्हणाले, ‘ताई, हे खेळाडूंचं दालन आहे. तुमच्या बाई कुठं खेळल्या?’ मी म्हटलं, त्यांनी खेळवलं. ‘तेच तर म्हणतोय मी.’ बैठकीमागून बैठका मी तेच लावून धरलं, तेव्हा कुठं ते म्हणाले, बरं, एक खास बाब करू. आता होतंय, असं मला वाटलं. मग एकानं विचारलं, नावाआधी काय लावायचं? श्रीमती लावलं तर विधवा वाटतं, नवरा तर जिवंत होता. दुसरा म्हणाला, मग सौ. लावा. तिसरा म्हणाला, सौ. कसं लावता, त्या नांदत कुठं होत्या? तेव्हा पहिल्यानं तोडगा काढला, ‘अहो, कै. लावा, वाद मिटला. मेल्यावर सगळ्यांना कै.!’ मी म्हटलं, नुसतं नाव लावा. अध्यक्षांनी तोंड वाईट केलं. ‘नुसतं कसं लावणार, ताई? उघडं दिसतं ते.’ तेवढ्यात चहा आला. तुम्ही किती मुली घडवल्या, त्या कशा पळायच्या, तुम्ही काय शिकवायचात, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. मलाही त्या दिवशी वादच घालावासा वाटत होता, तुमच्याबद्दल बोलावंसं नाही.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. ‘लागली बघा तुमच्या बाईंची पाटी. झालं समाधान?’ मी लगेच कुरुळीला फोन केला. ती म्हणाली, ‘म्या येती. डोळ्यानं बघती एकदा.’ जिने आहेत म्हटलं तर म्हणाली, बाईंसाठी चढीन. पोरांचे दुपारचे डबे करून, दोन बस बदलून ती आली. नवी साडी नेसून आली होती. पहिल्या तीन-चार पायऱ्या कठडा धरून चढली आणि तिथंच बसली. घाम पुसत म्हणाली, ‘तू जा. बघून ये आन मला सांग. फोटू काढून आण. तुझा आला व्हता मोबाईलवर, कडू काढा पिल्यागत तोंड केलंयस.’

मी वर गेले. खालच्या तलावाच्या औषधाचा वास वरपर्यंत येतो. भिंत पाहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तुम्ही नव्हतात. परत पाहिली. मग तिथल्या शिपायाला विचारलं, त्यानं बोट केलं. संडासाकडं जायच्या वाटेवर थंड पाण्याचा कूलर ठेवलाय, साखळीला ग्लास बांधलेला, आणि त्या कूलरच्या छातीवर तुमची पाटी. कै. सौ., मग तुमचं लग्नातलं नाव, मग त्या माणसाचं नाव, मग ते आडनाव. यांच्या स्मरणार्थ. मी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. ते खूश होते. ‘त्यांचा पुतण्याच आला होता हो. महाळुंग्याला वर्कशॉप आहे त्याचं. काकूंचं काहीतरी व्हावं म्हणत होता, पोरगा भला आहे. भिंतीवर फक्त खेळाडू, हा नियमही राहिला, नावही लागलं. आता यात खो घालू नका, ताई.’ त्या पुतण्याला घरात काय सांगितलं असेल ते मी ओळखते. काकू नोकरीसाठी वेगळ्या राहायच्या. तो मनापासूनच आला असेल. ज्या घरानं तुम्हाला बाहेर काढलं त्यानं आता तुम्हाला परत घेतलंय, बाई, आणि मुलांना पाणी पाजायला उभं केलंय. मी ग्लास भरून पाहिला. पाणी कोमट होतं.

जिना उतरताना मी ठरवत होते की सरळ सांगायचं. खाली ती त्याच पायरीवर बसली होती, मान वर करून. ‘हाय का गं?’ मी म्हणाले, आहे. ‘भितीवर?’ भिंतीवर. ‘त्येंच्याच नावानं ना? का त्या मुडद्याचं लावलंय?’ मी म्हणाले, त्यांच्याच. नुसतं नाव, पुढं-मागं काही नाही. तिचा चेहरा मला बघवेना. मग तिनं हात पुढं केला, ‘दाव फोटू.’ मी म्हणाले, काचेवर उजेड पडतो, फोटो येत नाही. तिनं पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाली, ‘तुझा तर झ्याक आला व्हता.’ मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. ‘बरं,’ ती म्हणाली, ‘उठीव मला.’ मी वाकले. उठण्यासाठी तिनं माझ्या पाठीवर हात टेकला, सगळा तळवा. उभी राहिली, साडी नीट केली, तरी तो हात तिनं काढला नाही. स्टँडपर्यंत आम्ही तशाच गेलो. तिच्या नातीचं बोलणं निघालं. नात शाळेच्या संघात आहे का, असं मी विचारलं. ‘कसला संघ? खेळाच्या तासाला गणित घेत्यात.’ बस आली, ती चढली, खिडकीतून हात केला.

समितीचा राजीनामा मी दिलेला नाही. दिला तर तिथं एकही बाई उरणार नाही, असं मी स्वतःला सांगते. दुसरं कारण पितळेचं आहे आणि भिंतीवर आहे. पाटी बदला म्हणून अर्ज केलाय, त्याचं काही होणार नाही, हे अर्ज करतानाच ठाऊक होतं. पर्सोनेलमध्ये असे अर्ज मीच बाजूला ठेवायचे. लिफ्टही होणार नाही. ती कधी वर जाणार नाही, म्हणजे तिला कधी कळणार नाही, असा हिशोब मी करते आणि रात्री मला तिचा हात आठवतो.

हे पत्र पाठवण्याचा प्रश्न नाही. तुम्ही असतात तरी न उघडता परत केलं असतंत, कागदाला लाज नसते म्हणून. जिला सांगायचं ती कुरुळीत आहे. स्टँड माझ्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे आणि मला दिवसभर काही काम नाही. अजून गेलेले नाही.

त्या दिवशी जिन्यातही पाठीला लागलं होतं, बाई. मी हात वर केला नाही.