हळदीचा किरणोत्सर्ग

६ जानेवारी
विद्यापीठाने निवृत्तीनंतर परत बोलावलं. बोलावणारच. अणुप्रकल्पांच्या आसपासची दूषित जागा साफ करणारी माणसं घडवायचा कोर्स काढलाय आणि मुलांना इंटरव्ह्यूत धड दोन इंग्रजी वाक्यं बोलता येत नाहीत. नांदेडात मी असताना आणखी कोणाला बोलावणार? माझी अपेक्षा एकच. वर्गात शिरले की मुलांनी उभं राहावं. घरी कोणी उभं राहत नाही.
आज सगळे उभे राहिले. देगलूरचा वीरण्णा म्हणतो, मॅडम, आम्ही चहाला निघालो होतो. त्याला नंतर बघते.
संकल्प: फक्त इंग्रजी. बाकीच्यात नाक खुपसायचं नाही.

९ जानेवारी
खुपसावं लागलं. किरणोत्सर्गी धूळ दिसत नाही, म्हणून प्रॅक्टिकलला चमकणारी पावडर लागते. तिला मंजुरी नाही. कोर्सचे प्रमुख रेणुकादास (माझाच विद्यार्थी, स्पेलिंग अजून कच्चं) वसमतची हळद घेऊन आले. पांढरा सूट आणि हातमोजे घालून हळदीत काम करायचं, मग दूषित भागाची हद्द दाखवणाऱ्या जमिनीवरच्या पट्टीपाशी सगळं असं उतरवायचं की अंगाला कण लागता कामा नये. लागला, तर किरणोत्सर्ग घरी आला समजा.
करिश्माच्या मानेवर ठिपका निघाला. मी म्हटलं, आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर नखं तपासायच्या, स्वच्छता माझ्या रक्तात आहे. ती जळकोटची, तोंडाळ. म्हणाली, मग मॅडम, तुम्हीच घालून दाखवा की सूट.
पाठ दुखत होती, नाहीतर दाखवला असता.

२० जानेवारी
वीरण्णा म्हणाला, मॅडम, तुम्ही जिभेला बोट लावून पानं उलटून राहिल्या, प्रकल्पात हे चालत न्हाई. अख्खी नोकरी अशीच पानं उलटली, मेले का? पण मन मोठं केलं.
संकल्प: बोट बंद. हजेरी घेताना दोनदाच लावलं. पानं चिकटली होती.

२ फेब्रुवारी
उद्या मुंबईहून एक परीक्षक येणार. प्रात्यक्षिक पसंत पडलं तर मुलांना नोकरीचं प्रशिक्षण. नाही पडलं तर जूनपासून कोर्स बंद, आणि माझी खुर्चीही गेली.
रेणुकादास काकुळतीला आले. बाई, तुम्ही फक्त स्वागताचं भाषण करा, लॅबमध्ये पाऊल टाकू नका. गुणी मुलगा. मला दगदग नको म्हणून.

३ फेब्रुवारी, दुपार
टाकलं. करिश्माची बट टोपीबाहेर लोंबत होती, परीक्षक काय म्हणतील? पट्टी ओलांडून मी ती आत खोचली. बाहेर आले, चष्मा सारखा केला, परीक्षकांशी हात मिळवला, रेणुकादासांची पाठ थोपटली आणि भाषण सुरू केलं. विषय स्वच्छता. पानं चिकटली होती.
सगळ्यांची नजर माझ्या तोंडावर. मला वाटलं, प्रभाव.
करिश्मा ओरडली, मॅडम, हलू नका!
माझ्यावर! मला खुर्चीत बसवलं. शाल पिशवीत कोंबून वर ‘दूषित कचरा’ लिहिलं. वीरण्णाने हनुवटी धरली. आ करा मॅडम, आणखी मोठा. लई आत गेलंय हो, म्हणाला. परीक्षकांनाही हात वर करून भिंतीशी उभं केलं. ते उभे राहिलेही. कणा नसलेला माणूस.
आता कोर्स बुडाला. दोष हळदीचा. आजकाल भेसळ फार, म्हणून इतकी उडते.

४ फेब्रुवारी
धुण्याभांड्यांना आलेल्या कावेरीबाई माझ्या कानामागे बघत राहिल्या. म्हणाल्या, बाई, या वयात हळद लागली व्हय? आम्हाला पत्रिका तर द्यायची.
संकल्प: कावेरीबाईंना काढून टाकणे. भांडी झाल्यावर.

१२ फेब्रुवारी
कोर्स वाचला! मुलांची निवड झाली. परीक्षकांनी लिहिलंय, दूषित कणांच्या अचानक झालेल्या प्रसाराला विद्यार्थ्यांनी उत्तम तोंड दिलं, आणि बेफिकीर कामगाराची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ बाईंचा अभिनय अप्रतिम.
रेणुकादासांचा फोन. बाई, तुम्ही दर बॅचला हव्यात. मी म्हटलं, इंग्रजीला ना? ते म्हणाले, इंग्रजीला करिश्माची बहीण मिळालीय. तुम्ही प्रॅक्टिकलला या. फक्त तयारी काही करू नका, आहात तशाच या.
गुणांची कदर उशिरा होते, पण होते.

१ जुलै
नवी बॅच. मी दारात दिसताच सगळे ताडकन उभे राहिले.
आणि मागच्या भिंतीपर्यंत सरकले.