कपाचा कान कुणीकडे

त्रिएस्ते, ४ फेब्रुवारी

ती. नोन्नो यांस,
तुमची नात नेरिना हिचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. एदाआजीची कंबर कशी आहे? तिकडे डोंगरात बर्फ अजून टिकून आहे का? इथे तीन दिवस बोरा वारा सुटला आहे. काल त्याने आपल्या कॉफी-बारबाहेरची पाटी उचलली आणि थेट न्हाव्याच्या दारात नेऊन टाकली.

आता मुख्य गोष्ट. लिविओकाकांचे गुडघे गेले. मार्चअखेर ते कॉफीच्या यंत्रावरून उतरणार. तुमच्यानंतर ती जागा त्यांची झाली; त्यांच्यानंतर ती माझी व्हावी, असं मला वाटतं. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, की दोन वर्षं कप विसळून कुणी कॉफीवाली होत नसते. समोरच्या नव्या बारमध्ये म्हणे कापुच्चिनोवर दुधाच्या फेसाने पानाचं चित्र काढून देतात आणि आपली कॉलेजची मुलं तिकडे पळतात. आता यंत्रावर जो उभा राहील त्याला पान आलंच पाहिजे. उदिने शहरातला एक मुरलेला माणूस तिने हेरून ठेवला आहे. १० मार्चला, रविवारी, मी चार जुन्या गिऱ्हाइकांना चार कप नीट पानाचे दिले, तर जागा माझी. नाहीतर त्याला फोन.

तुमचं घरचं छोटं यंत्र मी माळ्यावरून काढून स्वयंपाकघरात मांडलं आहे. आधी विचारलं नाही, त्याबद्दल क्षमा करा. पण दूध काही जमत नाही. कधी त्यावर बेडकाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे येतात, कधी ते नुसतंच तापतं. वाफेचा आवाज कापड फाटल्यासारखा यायला हवा, असं लिविओकाका सांगतात. मी तो ऐकत बसते आणि तोवर दूध उकळून जातं. तुम्हाला ही चित्रं म्हणजे थेरं वाटतात, हे ठाऊक आहे. तरी सांगाल का?

लोभ आहेच, माझ्या हातून दूध उतू गेलं तरी तो उतू जाऊ देऊ नये.

तुमची
नेरिना

---

ओवारो, ९ फेब्रुवारी

चि. नेरिना हिस,
अ. उ. आ.

एदाच्या कंबरेची चौकशी केलीस म्हणून ती खूश आहे. माझ्या कानांचा विषय काढलास म्हणून मी नाही. बर्फ गुडघाभर आहे. एदा म्हणते, की तुझा नोन्नो दारातून तो मोजतो आणि मी फावड्याने.

चित्रांबद्दल माझं मत तेच. कॉफी प्यायची असते, भिंतीवर टांगायची नसते. एकेचाळीस वर्षं मी मधोमध पांढरा गोल आणि कडेने तपकिरी काठ असा कापुच्चिनो दिला. एकही कप परत आला नाही. पण तू ती जागा मागते आहेस, हे मी दोनदा वाचलं आणि मग एदाला मोठ्याने वाचून दाखवलं. आपल्या घरात ती जागा आजवर कुणी मागितली नव्हती. तुझ्या आईला तर मी गल्ल्यावरसुद्धा ढकलून बसवली होती.

आता दूध. आवाज सोड. मला पन्नाशीतच कमी ऐकू यायला लागलं होतं, पण बारमध्ये कुणाला पत्ता लागला नाही, कारण मी दूध तळहाताने ओळखायचो. दुधाच्या भांड्याच्या पोटाला हात लावून ठेव. गार आहे तोवर वाफेची नळी वरवर धर, हवा आत जाऊ दे. कोमट लागलं की नळी बुडव आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू दे. हात ठेववेना की बंद. मग भांडं ओट्यावर एकदा आपट आणि गोल गोल हलव. ओल्या रंगासारखं चकाकलं पाहिजे. दूध वाया जाईल म्हणून तू घाबरत असशीलच. तर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब टाक आणि त्यावर सराव कर. फेस दुधासारखाच येतो. फक्त कुणाला प्यायला देऊ नकोस.

आईला सांग, यंत्र माझं आहे आणि मी परवानगी दिली आहे.

तुझा
नोन्नो

---

त्रिएस्ते, २५ फेब्रुवारी

ती. नोन्नो यांस,
शि. सा. न. वि. वि.

तळहात! इतकी साधी गोष्ट. आठ दिवस साबणाचं पाणी फेसाळलं, कॉफीच्या जागी कोकोचं पाणी घेतलं. मोरी इतकी चकचकीत झाली आहे, की आईने विचारलं, आजकाल एवढी कामसू कशी झालीस? मग खऱ्या दुधावर आले. काल वीस कपांत सतरा पानं उमटली. खरं म्हणजे सोळा. एक भोपळ्यासारखं दिसत होतं, ते धरू नये.

आईला अजून दाखवलेलं नाही. तिने नाक मुरडलं, तर मी दहा तारखेपर्यंत सावरणार नाही. ती दिवसभर बारवर असते. घरी काढलेले कप मी एकटीच पिते, निदान दोन-दोन घोट. त्यामुळे रात्री झोप लागत नाही ती कॉफीने की काळजीने, ते समजत नाही.

पण तुम्हाला दाखवल्यावाचून राहवेना. तुमच्या फोनवर फोटो येत नाहीत, म्हणून खाली पेन्सिलीने कप काढला आहे. माझ्यासमोर असतो तसाच, वरून पाहिलेला. पान, देठ, काठ, बशी, कपाचा कान, सगळं जसंच्या तसं. वाढवून-चढवून काही काढलेलं नाही. एदाआजीलाही दाखवा.

चूक दिसली तर रागवावं, पण लोभ तसाच ठेवावा.

तुमची
नेरिना

---

ओवारो, १ मार्च

चि. नेरिना हिस,
अ. उ. आ.

तुझं चित्र एदाने कपाटाच्या दाराला लावलं. मी त्याच्याकडे बघत जेवत होतो आणि घास हातातच राहिला. कपाचा कान डावीकडे आहे.

दुसऱ्या कुणी काढलं असतं, तर चित्रात चुकलं म्हणालो असतो. पण तू जसंच्या तसं काढणारी. म्हणजे ओतताना चुकते आहे. तू डावखुरी, मीही डावखुरा. डाव्या हातात दुधाचं भांडं, उजव्यात कप, आणि कपाचा कान आपल्या पोटाकडे. असं ओतलेलं पान तुला सरळ दिसतं, कारण तू डाव्या हाताने पितेस. गिऱ्हाईक उजव्या हाताने पितं. त्याच्यापुढे बशी ठेवताना कान त्याच्या उजवीकडे करशील आणि पान डोक्यावर उभं राहील. देठ वर, शेंडा खाली.

हे मला एका नजरेत का कळलं, तेही सांगून टाकतो. मी बार सोडला त्याच्या आदल्या वर्षी मीही एकदा पान काढलं होतं. कुणाला न सांगता, चांगला महिनाभर शिकून. पहिलाच कप एका वकिलाला दिला. त्याने तो फिरवून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की तुल्लिओ, तुझ्या बारमध्ये झाडं खालून वर उगवतात की वरून खाली? सगळे हसले. मी गोलावर परत आलो. गोलाला डोकंही नसतं आणि पायही. थेरं वगैरे मी त्यानंतर म्हणायला लागलो.

उपाय मला तेव्हाही सापडला नाही. उजव्या हाताने ओतून बघ, एवढंच सुचतं. नऊ दिवस आहेत. मला एवढं मात्र ठाऊक आहे, की महिनाभरात तू माझ्या एकेचाळीस वर्षांच्या पुढे गेली आहेस.

तुझा
नोन्नो

---

त्रिएस्ते, ११ मार्च

ती. नोन्नो यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार तारखेला आलं. ते वाचून आधी रडले, मग कप काढले. उजव्या हाताने दोन दिवस ओतलं. दूध बशीत गेलं, ओट्यावर गेलं, एकदा माझ्या सपातेत गेलं, पण पान काही झालं नाही. उदिनेचा माणूस मला डोळ्यांसमोर दिसायला लागला.

बुधवारी बारवर कप विसळत होते. तेव्हा लक्षात आलं, की विसळताना मी कानाला कधी धरतच नाही. कप पोटाशी धरते आणि कान कुठेही असतो. मग ओततानाच कान पोटाकडे का हवा? घरी येऊन कान पलीकडे केला, कप तळव्यात धरला आणि भांडं नेहमीसारखं डाव्या हातात. अंगठ्याला कानाचा आधार नाही, त्यामुळे कप डुगडुगत होता. पण दोन वर्षांत इतके कप हातांतून गेले आहेत, की शनिवारपर्यंत तोही ताब्यात आला. पान झालं, बशी फिरवून ठेवली, गिऱ्हाइकासारखा कप उजव्या हाताने उचलला. देठ खाली, शेंडा वर.

काल औषधवाले, शाळेचे दोघे मास्तर आणि ब्रुनाबाई ओळीने उभे होते. आई गल्ल्यावरून हलली नाही. पहिली तीन पानं सरळ आली. चौथ्याला कप डुगडुगला आणि देठ वाकला. ब्रुनाबाई म्हणाल्या, छान आहे की. आईसुद्धा तिथूनच म्हणाली, की चालेल, देऊन टाक. मला चालेना. मी त्यांच्यापुढचा कप उचलून घेतला आणि दुसरा केला. दुसरा बरोबर आला. तेव्हा ब्रुनाबाई आईला म्हणाल्या, की लोरेदाना, ही तुल्लिओचीच नात बरं का. तोही असाच हातातोंडाशी आलेला कप ओढून न्यायचा. म्हणजे तुमचा एकही कप परत का आला नाही, ते मला काल कळलं.

आईने सगळ्यांदेखत उदिनेला फोन लावला आणि सांगितलं, की माणूस मिळाला, घरचाच आहे. फोन ठेवून मला म्हणाली, अगं उभी काय राहिलीस, बाहेरपर्यंत लोक थांबलेत. पण तिचे डोळे भरले होते. हे मी पाहिलं, हे तिला सांगू नका.

वकील अजून येतात का, ते मी लिविओकाकांना विचारलं. येतात. त्यांचा कप मी स्वतः करणार आहे.

लोभ वाढला असेल तर लपवू नये.

तुमची
नेरिना

---

ओवारो, १६ मार्च

चि. नेरिना हिस,
अ. उ. आ.

लपवत नाही. तुझं पत्र मी इथल्या बारमध्ये वाचलं, पाववाल्याकडे वाचलं, आणि चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीबाबांना थांबवून वाचलं. एदा म्हणते, की आता उरली फक्त गुरं, त्यांनाही वाचून दाखव. कान पलीकडे करायचा! एवढ्याशा गोष्टीपायी मी चित्रांना नावं ठेवत बसलो. पण वाईट वाटत नाही. माझ्या हातून सुटलेली गोष्ट माझ्याच घरात सापडली, यापेक्षा आणखी काय हवं.

मी पुढच्या शनिवारच्या बसने येतो. आतल्या बाजूला येणार नाही, गिऱ्हाइकासारखा बाहेर उभा राहीन, आणि माझ्यापुढे कुणी असेल तर माझा नंबर आल्यावरच दे. गोलाचा नको, पानाचाच कर. फक्त एक विनंती आहे. मी एकेचाळीस वर्षं सगळ्यांचे कप उजवीकडे कान करून ठेवले, आणि मला स्वतःला आजवर प्रत्येक बारमध्ये कप फिरवूनच घ्यावा लागला आहे. शनिवारी माझ्यापुरता कान तुझ्या पोटाकडे धरून ओत, आणि बशी ठेवताना तो माझ्या डाव्या हाताकडे ठेव.

तुझा
नोन्नो